किनाऱ्यावर ओढलेली नाव : बुडाच्या परीक्षेचा इतिहास

ज्युबिलीच्या या स्मारक-पुस्तिकेंत इतिहासाचा एखादा लेख असावा अशी मंडळाची इच्छा दिसली, आणि विषयाची निवड मजवर सोंपविण्यांत आली. सह्याद्रीच्या माथ्यावरील नाशिकक्षेत्रीं बसून एका धर्मगुरूनें नावांच्या डागडुजीविषयीं लिहावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु त्र्यंबकच्या ज्या डोंगरांत गोदावरीचा उगम आहे, त्यांच्याच परिसरांत वैतरणाहि उगम पावते. एक नदी पूर्वेस वळून सारा दख्खन ओलांडते, दुसरी घाट उतरून वसईच्या उत्तरेस अर्नाळ्याजवळ समुद्रास मिळते. पेठ-दिंडोरीकडील दमणगंगा तशीच दमणास जाते. या पश्चिमवाहिनी नद्यांच्या खोऱ्यांतलें सागवान हेंच एके काळीं वसई, दमण व मुंबई येथील जहाजांचें हाड आणि कातडें होतें. मुंबईच्या गोदीस लागणारें लांकूड वसईच्या उत्तरेकडील व पूर्वेकडील डोंगरांतून येतें आणि तेथील नद्या तें वाहून आणतात, असें मिलबर्न या इंग्रज लेखकानें १८१३ मध्यें नमूद करून ठेवलें आहे. शिवाय आपल्या धर्मग्रामांत वसईकडून आलेलीं घराणीं थोडीं नाहींत. त्यांच्या पूर्वजांपैकीं कोणीं नाव वल्हविली असेल, कोणीं तिचे सांधे भरले असतील. तेव्हां हा विषय वाटतो तितका परका नाहीं.

नाव पाण्यांत असेपर्यंत तिचें बूड कोणासहि दिसत नाहीं. शीड फाटलें तर दिसतें, डोलकाठी तडकली तर ऐकूं येतें; परंतु ज्या फळीवर सर्वांचे प्राण अवलंबून असतात, ती फळी वर्षभर दृष्टीआड असते. नाव ओढून किनाऱ्यावर घेतली म्हणजेच तिची गांठ पडते. त्या वेळीं मालकास ठरवावें लागतें कीं, यंदा करावयाचें काय? नुसतें खरवडून तेल-डांबर द्यावें, कीं सांधे उकलून पुन्हा भरावे? एक-दोन फळ्या बदलून भागेल, कीं अगदीं पठाणापर्यंत उघडून पाहावें लागेल? पठाण म्हणजे नावेच्या पाठीचा कणा. नाळेपासून पिछाडीपर्यंत जाणारें तळाचें मुख्य लांकूड. एकेक पायरी खालीं उतरावी तसा खर्च वाढतो व हंगामाचे दिवस जातात. थोडें केलें तर समुद्रांत धोका, अधिक केलें तर सावकाराचा दरवाजा. लढायांच्या बखरींत या निर्णयास जागा मिळालेली नाहीं. तथापि त्यावर आरमारें तरलीं आणि बुडालीं आहेत.

या परीक्षेची जुन्या सुतारांची रीत मोठी विचारपूर्वक घडलेली आहे. तिचें पहिलें सूत्र असें कीं, पाहणी पहिल्याच दिवशीं करावी, काम मागाहून करावें. नाव वर आली कीं तिच्या पोटांत सांचलेलें पाणी बाहेर झिरपूं लागतें. जेथून पाणी बाहेर येतें, तेथूनच तें समुद्रांत असतां आंत येत होतें. त्या ओल्या ठिकाणीं कोळशानें खुणा केल्या पाहिजेत. चार दिवस ऊन लागलें कीं सगळें बूड सारखें कोरडें दिसतें, आणि मग कोणता सांधा दोषी हें शोधणें म्हणजे अंधारांत सुई शोधणें होय. हें साधें ज्ञान कोणत्याहि यंत्रावांचून मिळतें. परंतु आळसानें तें फुकट जातें.

त्यानंतर शेवाळ व शिंपल्यांचे थर खरवडून काढतात, आणि लांकडी हातोडीनें फळ्या ठोकीत ठोकीत नाळेकडून मागें जातात. निकोप सागवान खणखणीत बोलतें; सडलेलें अगर पोखरलेलें लांकूड भरल्या पोत्यासारखा आवाज देतें. जेथें शंका येईल तेथें टोंच्या खुपसून पाहावयाचें. विशेषेंकरून पठाणास लागून असलेली पहिली फळी, फळ्यांचीं टोकें, आणि सुकाणू ज्यावर लटकतें तो मागचा खांब, हीं शंकेचीं स्थानें होत. खिळ्यांचा प्रश्न निराळा. खिळ्याच्या डोक्याभोंवतीं लांकूड काळें पडून तांबूस ओघळ उतरलेला दिसला, तर एक-दोन खिळे उपटून पाहावे लागतात. डोकें व टोंक शाबूत आणि मधला भाग गंजून मुंगीच्या कंबरेसारखा झालेला, असा खिळा हातांत आला म्हणजे बाहेरून सुरेख दिसणारी फळी नुसत्या संवयीनें जागेवर आहे, असें समजावें! शेवटीं सुतार दूर उभा राहून एक डोळा मिटतो आणि पठाणाची रेघ पाहतो. नावेचीं दोन्ही टोकें खालीं झुकून मध्य उचललेला दिसला, तर दोष एखाद्या फळीचा नसून सगळा सांगाडाच थकलेला असतो. अशा नावेवर डांबर ओतणें हें म्हाताऱ्यास कल्प लावून तरुण करण्यासारखें आहे.

येथें एक गोष्ट नवशिक्यास फसविते. किनाऱ्यावर फार दिवस राहिलेल्या नावेच्या फळ्या सुकून आकसतात आणि सांधे रुंद दिसूं लागतात. तें पाहून मालक घाबरतो व प्रत्येक सांध्यांत कापूस ठासून भरावयास सांगतो. पुढें नाव पाण्यांत गेल्यावर फळ्या फुगतात, त्यांना फुगावयास जागाच उरलेली नसते, मग त्या एकमेकींस रेटतात आणि खिळे सैल होतात. म्हणजे चांगल्या हेतूनें केलेल्या कामामुळेंच नाव गळूं लागते. कापूस किती भरावा आणि कोठें मुळींच हात लावूं नये, हें हाताला कळावें लागतें. सांधे भरणाऱ्या कारागिरास आपल्या किनाऱ्यावर कालापती म्हणत. हें नांव पोर्तुगीजांच्या ‘कालाफाते’ या शब्दापासून आलेलें आहे. त्या भाषेनें आपणांस जशी आडनांवें दिलीं, तसा हा धंद्याचा शब्दहि दिला.

आतां हें लांकूड मुळांत बिघडतें कशानें, तें पाहूं. त्याला शत्रु दोन, आणि दोघांचीं राज्यें वेगळीं. खाऱ्या पाण्यांत शत्रु आहे ती लांकूड पोखरणारी कीड. तिला कीड म्हणण्याचा प्रघात असला, तरी ती शिंपल्यांच्या कुळांतला एक मऊ, लांबट जीव आहे. अगदीं लहान असतांना ती टांचणीच्या टोंकाएवढें छिद्र पाडून आंत शिरते, आणि मग लांकडाच्या रेषेरेषेनें आंतल्या आंत बोगदा करीत वाढते. बाहेर दिसतें टांचणीचें छिद्र, आंत बोटभर जाडीची पोकळी. एका बोगद्याचा दुसऱ्याशीं छेद होऊं न देण्याची ती अशी खबरदारी घेते कीं, फळी मधमाशांच्या पोळ्यासारखी झाली तरी वरची कातडी अभंग राहते. कोलंबसाच्या शेवटच्या सफरींत हिनेंच त्याचा घात केला. उरलेलीं दोन जहाजें चाळणीसारखीं झालीं, म्हणून १५०३ मध्यें जमेका बेटावर तीं वाळूंत चढवावीं लागलीं, आणि नव्या जगाच्या त्या शोधकास तेथें वर्षभर अडकून पडावें लागलें. १७३१ मध्यें हालंडच्या लोकांना आपल्या समुद्र-बंधाऱ्यांचे लांकडी खांब हिनें कुरतडलेले आढळले, तेव्हां साऱ्या देशास धडकी भरली होती.

गोड्या पाण्यांत मात्र ही कीड जगत नाहीं. म्हणून गोदावरीच्या होडीस अगर आजच्या गंगापूर धरणांतील नावेस तिचें भय नाहीं. परंतु तेथें दुसरा शत्रु टपलेला असतो, तो म्हणजे कुजणें. मीठ लांकडास टिकवितें, पावसाचें पाणी त्यास कुजवितें. आणि हें कुजणें बुडापासून नव्हे, तर वरून व आंतून लागतें. जेथें पावसाचें पाणी सांचून राहतें, वारा फिरत नाहीं, तेथें वांकांच्या (म्हणजे नावेच्या बांकदार फांसळ्यांच्या) बेचक्यांत तें सुरू होतें.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे आपल्या कोळ्यांची पावसाळ्यांतील वहिवाट किती शहाणपणाची आहे, तें समजतें. जेष्ठांत वारा फिरूं लागला कीं वसईच्या पाचूबंदरापासून थेट खालीं कोंकणापर्यंत नावा लांकडी ओंडक्यांवरून भरतीच्या रेषेपलीकडे ओढीत, आणि त्यांवर माडाच्या झावळ्यांचें छप्पर शाकारीत. समुद्र सोडल्यानें कीड मरते. छप्पर घातल्यानें पावसाचें गोडें पाणी आंत शिरत नाहीं. एका उपायानें पहिला शत्रु मारिला, दुसऱ्यानें दुसऱ्यास दाराबाहेर ठेविलें. आणि नारळी पौर्णिमेपर्यंत मिळालेल्या उसंतींत बूड सावकाश तपासतां आलें. ज्या देशांत असा सक्तीचा पावसाळा नाहीं, तेथें ही परीक्षा मालकाच्या मर्जीवर राहते. आणि मर्जी बहुधा थैलीकडे पाहून चालते. आपल्याकडे मात्र आकाशच हुकूम सोडतें.

थैलीकडे पाहून चालल्याचा परिणाम काय होतो, याचें सर्वांत सविस्तर चित्र पोर्तुगीजांच्याच इतिहासांत आहे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. तिचें भाग्य लिस्बन आणि गोवा-कोची यांमध्यें दर वर्षीं फिरणाऱ्या मोठ्या गलबतांवर अवलंबून असे. त्यांपैकीं ‘सांतो आल्बेर्तो’ नांवाचें जहाज १५९३ च्या आरंभीं कोचीहून मिऱ्यें व इतर माल खच्चून भरून स्वदेशीं निघालें. आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यानजीक त्यास गळती लागली. गळतीची जागा अशी कीं तेथें हात पोंचेना. तोफा व माल समुद्रांत फेंकला, पंप चालविले, परंतु मार्च महिन्यांत तें किनाऱ्यावर आपटून फुटलें. वांचलेल्या लोकांनीं नूनु व्हेल्यु परेरा या वृद्ध सरदारास पुढारी निवडलें आणि अनोळखी मुलखांतून शेंकडों मैल पायपीट करून ते पोर्तुगीजांच्या व्यापारी ठाण्याजवळ पोंचले. पोर्तुगालच्या राजाचा विश्वविद्यावेत्ता जुआंव बाप्तीश्ता लाव्हान्या यानें या प्रसंगाचा वृत्तांत लिहिला व तो १५९७ मध्यें लिस्बनला प्रसिद्ध झाला.

लाव्हान्या वादळास दोष देत नाहीं. तो दोष देतो हिशोबास. पूर्वीं गलबतें तपासणीसाठीं जमिनीवर चढवीत, असें तो सांगतो. मग इटलीकडची नवी पद्धत आली : जहाज पाण्यांतच ठेवून एका कुशीवर कलंडावयाचें, वर आलेली बाजू साफ करावयाची, मग दुसऱ्या कुशीवर कलंडावयाचें. यांत ठेकेदाराचा पैसा वांचे, वेळ वांचे. परंतु एवढें ओझें कुशीवर कललें कीं सांगाड्यास पीळ बसे. ओल्या सांध्यांत भरलेलें काथ्या-डांबर धरीत नसे. आणि सर्वांत वाईट हें कीं, पठाण व त्यालगतच्या फळ्या नीट दिसतच नसत, म्हणून कुजलेलें लांकूड तसेंच राहून जाई. अकाळीं तोडलेलें ओलें लांकूड वापरणें आणि बेसुमार माल भरणें, हे दोषहि तो सांगतो. ‘सांतो आल्बेर्तो’च्या पठाणाचा तुकडा किनाऱ्यास लागला, तेव्हां तो इतका कुजलेला होता कीं, नूनु व्हेल्यु यानें आपल्या हातांतल्या वेताच्या काठीनें टोंचून त्याचा भुगा केला, असें या वृत्तांतांत आहे. किनाऱ्यावर वेताची काठी जें सांगू शकली, तें लिस्बनच्या किंवा कोचीच्या गोदींत टोंच्यानें सांगितलें असतें. फक्त तो टोंच्या तेथपर्यंत पोंचला पाहिजे होता. असा हिशोब करणारे ठेकेदार आजहि पुलांच्या व पाटांच्या कामांवर आढळतात. पण तो विषय येथें नको.

पवित्र शास्त्राशीं परिचय असलेल्या वाचकांस प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसावा अध्याय येथें आठवेल. पौल ज्या जहाजांत बंदिवान होता, तें वादळांत सांपडल्यावर खलाशांनीं त्याच्या बुडाखालून दोर घेऊन तें आंवळून बांधलें. तो उपाय खरोखरीचा आहे. जुने दर्यावर्दी तो करीत. परंतु समुद्रांत जहाज दोरांनीं बांधण्याची पाळी येते ती बंदरांत करावयाचें काम अपुरें पडल्यावर. आणि नोहाच्या तारवास आंतून व बाहेरून डांबर द्यावें, ही आज्ञा तर तारूं पाण्यास लागण्यापूर्वींचीच आहे.

त्याच पोर्तुगीजांजवळ दुसरें उदाहरणहि होतें. दोम कॉन्स्तांतीनु हा गोव्यास व्हाइसराय असतां १५६० च्या सुमारास तेथें भारतीय सागवानाचें एक मोठें जहाज बांधण्यांत आलें. पांच घायांच्या नांवानें तें प्रसिद्ध आहे. लिस्बनकडचीं जहाजें तीन-चार सफरींत निकामी होत, त्या काळीं हें जहाज सुमारें पंचवीस वर्षें चाललें. सागवानास कीड मुळींच लागत नाहीं असें नाहीं. पण त्यांतील तेलामुळें ती सावकाश लागते, आणि लोखंडी खिळा सागांत ओकापेक्षां कमी गंजतो. शिवाय आपल्याकडे बुडास चुना व तेल घोटून केलेल्या लुकणाचा जाड थर देत. त्यास गलगल म्हणत. पोर्तुगीजांनीं तो उचलला. किडीस प्रथम तो थर ओलांडावा लागे, आणि पुढल्या खेपेस जहाज वर काढलें कीं थर खरवडून नवा देतां येई. फळ्यांच्या कडा एकमेकींत खांचा पाडून बसविण्याची व मध्यें राळेंत भिजविलेला कापूस घालण्याची सुरत-मुंबईकडील रीतहि अशीच. तिच्यामुळें सांधा रेघेपुरताच उरे.

मराठी राज्याच्या आज्ञापत्रांत आरमाराचें प्रकरण आहे, तें या दृष्टीनें वाचण्याजोगें आहे. सागवान, शिसव इत्यादि झाडें रीतसर परवानगीनें तोडावीं, परंतु आंबे-फणस रयतेनें लेंकराप्रमाणें वाढविलेले असतात म्हणून त्यांस हात लावूं नये, हा त्यांतील नियम बहुतेकांस ठाऊक असतो. पावसाळ्यांत आरमाराची छावणी कोठें व कशी करावी, याचीहि तेथें चिंता वाहिली आहे, हें मात्र थोड्यांच्या ध्यानांत येतें. आंग्र्यांनीं तर विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडींत गिर्ये गांवानजीक खडक फोडून गोदी केली. ती सुमारें १०९ मीटर लांब व ७० मीटर रुंद आहे. भरतीच्या पाण्यावर जहाज आंत घ्यावें, ओहोटीस पाणी उतरावें आणि बूड उघडें पडावें, अशी ती योजना. १७५६ मध्यें इंग्रजांनीं विजयदुर्ग घेतला व आंग्र्यांचें आरमार जाळलें. गोदी खडकाची असल्यामुळें राहिली.

मुंबईस तोंवर काम सुरू झालेलें होतें. लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी कारागीर सुरतेहून १७३६ मध्यें मुंबईस आला. वाडिया म्हणजेच जहाजें बांधणारा. त्याच्या देखरेखीखालीं १७५० पासून तेथें कोरडी गोदी उभी राहिली. मग तिला जोडून दुसरी व तिसरी झाली. मुंबईस हें साधलें याचें कारण तेथील भरती. उधाणाचें पाणी तेथें १४ ते १७ फूट चढतें. भरतीबरोबर जहाज गोदींत शिरे, ओहोटीस दरवाजे लावीत, आणि मग शेंकडों टनांचें जहाज टेंकूंवर उभें राहून आपलें सारें बूड दाखवी. ज्याला कलंडावें लागत नाहीं, पीळ बसत नाहीं, असें तें पाहणें. लाव्हान्यानें ज्यासाठीं शाई खर्च केली, तें येथें दगडांत बांधलें गेलें.

त्याचें मोल १७८२ मध्यें दिसून आलें. त्या वर्षीं इंग्रजांचा ह्यूज आणि फ्रेंचांचा सुफ्रां हे दोन आरमारी सेनापति पूर्व किनाऱ्यावर एकमेकांशीं चार वेळां लढले. दोघांचीं जहाजें छिन्नभिन्न झालीं. वर्षाअखेर ह्यूज मुंबईस येऊन गोदींत जहाजें दुरुस्त करूं लागला. सुफ्रां हा दोघांत अधिक कुशल असूनहि त्यास हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर अशी गोदी नसल्यानें दूर सुमात्रा बेटावरील अचीनच्या बंदरीं जाऊन हातीं लागेल त्या लांकडांनीं वेळ मारून न्यावी लागली. माझ्या समजुतीप्रमाणें सुफ्रांची खरी थोरवी त्याच्या लढायांपेक्षां या अचीनच्या हिंवाळ्यांत अधिक दिसते.

त्याच १७८२ सालीं इंग्लंडांत जें घडलें, तें मात्र अंगावर शहारे आणणारें आहे. ‘रॉयल जॉर्ज’ हें शंभर तोफांचें जहाज पोर्टस्मथसमोर नांगरलेलें होतें. पाण्याच्या रेषेखालील एका नळाचें काम निघालें. आरमार जिब्राल्टरकडे निघण्याच्या घाईंत होतें, तेव्हां गोदींत न नेतां जहाज जागच्या जागीं थोडें कलंडून काम उरकण्याचें ठरलें. २९ ऑगस्ट रोजीं तें कललें आणि पाहतां पाहतां बुडालें. जहाजावर त्या दिवशीं खलाशांना भेटावयास आलेलीं बायका-मुलेंहि होतीं. आठशेंहून अधिक माणसें गेलीं. त्यांत अॅडमिरल केंपनफेल्ट हाहि होता. चौकशीच्या न्यायसभेनें अधिकाऱ्यांस निर्दोष ठरविलें आणि सांगितलें कीं, जहाजाचीं लांकडें सर्वत्र सडलेलीं असल्यानें सांगाड्याचा कांहीं भाग तुटला असावा. पोर्टस्मथची गोदी तेथून दृष्टीच्या टप्प्यांत होती.

तोंपर्यंत किडीवर एक नवा उपाय निघाला होता : बुडास तांब्याचे पत्रे मढविणें. ‘अलार्म’ नांवाच्या इंग्रज जहाजावर १७६१ मध्यें तो प्रथम करून पाहिला. कीड लागली नाहीं, शेवाळहि फारसें धरलें नाहीं, सगळे खूष झाले. दोन वर्षांनीं जहाज वर घेऊन पत्रे उचकटले, तेव्हां आढळलें कीं तांब्यालगतचे लोखंडी खिळे गंजून गेले आहेत. मात्र जेथें पत्र्याच्या आवरणाचा तपकिरी कागद मध्यें तसाच राहिला होता, तेथील खिळे चांगले होते. खाऱ्या पाण्यांत दोन धातु एकमेकांस लागले कीं दुबळा धातु झिजतो, हें आज शाळेंतलीं मुलेंहि जाणतात. त्या काळीं ही गोष्ट एका कागदाच्या चिठोऱ्यानें दाखवून दिली. आणि तिच्यावर तोडगा म्हणून तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे सर्रास वापरांत येण्यास वीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. दरम्यान पत्र्याखालचें बूड चकचकीत दिसे व आंतले खिळे नाहींसे होत. पुढें १८२४ मध्यें सर हंफ्री डेव्ही यानें तांब्यास जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे जोडून तें झिजूं न देण्याची युक्ति काढली. ती यशस्वी झाली, आणि तीच तिची अडचण ठरली. तांबें झिजेनासें झाल्याबरोबर त्यावर शेवाळ व शिंपले पूर्ववत् वाढूं लागले. कारण तांब्याचें विरघळणें हेंच त्यांचें विष होतें! नावेच्या बुडाचा प्रश्न एका टोंकास दाबला कीं दुसऱ्या टोंकास वर येतो, तो असा.

हा अनुभव अगदीं अलीकडेहि आला. शेवाळ धरूं नये म्हणून रंगांत कथिलाचें एक तीव्र विषारी संयुग घालण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जगभर पसरली. बुडें स्वच्छ राहिलीं. परंतु फ्रान्सच्या आर्काशों उपसागरांतील कालवांचीं शेतें ओस पडूं लागलीं. फ्रान्सनें १९८२ मध्यें लहान नावांवर त्या रंगास मनाई केली. पुढें २००१ मध्यें आंतरराष्ट्रीय करार होऊन तो २००८ पासून अमलांत आला. एकाच्या नावेवरचें औषध दुसऱ्याच्या ताटांत उतरलें होतें.

आज आपल्या किनाऱ्यावर लांकडी नावांच्या जोडीला कांचतंतूंच्या नावा पुष्कळ आल्या आहेत. त्यांस कीड लागत नाहीं, सांधेहि नाहींत; म्हणून त्यांस पाहावयाचें कांहींच नाहीं, असा समज आहे. तो खरा नाहीं. त्यांच्या कातडीखालीं पाणी शिरून फोड येतात, थर सुटतात, आणि हातोडीचा आवाज तेथेंहि पूर्वींप्रमाणेंच बदलतो. लोखंडी जहाजाची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्रानें मोजतात. विचारावयाचा प्रश्न तोच, फक्त टोंच्या बदलला. महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै मासेमारीस बंदी असते. ती माशांच्या विणीसाठीं आहे. तथापि तिनें जुन्या पावसाळी वहिवाटीस कायद्याचें बळ दिलें आहे. मात्र या दोन महिन्यांत घरांत मिळकत नसते, आणि खर्चाचा निर्णय नेमका त्याच वेळीं घ्यावा लागतो. डिझेलचें कर्ज फेडावें कीं पठाणालगतची फळी बदलावी, या पेंचांतून जाणारीं कुटुंबें पाचूबंदरास व अर्नाळ्यास आहेत, आणि त्यांच्या सुतारास पहिल्या दिवशीं केलेल्या कोळशाच्या खुणा पुसून टाकण्याचा मोह मालकाच्या तोंडाकडे पाहून पुष्कळदां होत असला पाहिजे.

मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यानें बांधलेलें ‘त्रिंकोमाली’ हें सागवानी जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत सोडलें गेलें. तें आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत उभें आहे. १९९० ते २००१ या काळांत त्याचा जीर्णोद्धार झाला. निकोप निघालेलें मूळचें सागवान तसेंच ठेवून जें खरोखर गेलें होतें तेवढेंच बदलण्यांत आलें. त्यामुळें दोनशें वर्षांपूर्वींच्या लांकडाचा मोठा भाग अजून जागेवर आहे.

लांकडी नाव श्रावणांत परत पाण्यांत उतरते, तेव्हां पहिले एक-दोन दिवस ती थोडी गळतेच. फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत तें चालावयाचें. जाणता तांडेल त्या दिवसांत खाडीबाहेर जात नाहीं, पोटांतलें पाणी उपसून किती आलें तें मोजतो. दुसऱ्या दिवशीं तें कमी झालें पाहिजे, तिसऱ्या दिवशीं बंद. तिसऱ्या दिवशींहि पाणी तेवढेंच आलें, तर शेजारच्या नावा निघून गेल्या तरी तो भरतीची वाट पाहतो आणि नाव पुन्हा ओंडक्यांवर घेतो.